एकोणिसावी कोरे

आमच्या कॉलेजचा गोल शिक्का बगले अण्णांच्या जेवणाच्या डब्यात राहायचा. डबा तीन खणांचा. खालच्या खणात भाकरी, मधल्यात भाजी आणि वरच्यात शिक्का. शिक्क्याला लागूनच कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या दाखल्याला एक वास असे. दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलेल्या एका मुलाचा दाखला तिथल्या क्लार्कने नाकाशी नेला आणि "खरा आहे" म्हणून परत केला, अशी गोष्ट स्टाफरूममध्ये सांगतात. मी ती तपासलेली नाही.

"अण्णा, टेबलाला खण आहे, खणाला कुलूप आहे. शिक्का तिथं ठेवा की," असं मी एकदा म्हणालो.

"सर, कुलूप लोक फोडत्यात. दुसऱ्याचा डबा कोन उगडत न्हाय."

तीस-पस्तीस वर्षांत शिक्का एकदाही हरवला नव्हता, हे खरं.

गुरुसिद्धप्पा बगले हे आमच्या कार्यालयातले वरिष्ठ लिपिक. राहणार होटगीकडे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेन्सिल. घरात कानडी, खिडकीवर मराठी आणि राग आला की दोन्ही. खिडकी क्रमांक दोन त्यांची. दाखला, बोनाफाईड, नाव-दुरुस्ती, सगळं तिथं. खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला ते पहिलं वाक्य एकच म्हणत: "घाई कुणाला हाय?" आणि म्हणता म्हणता हात चालू असे. वाक्य संपेपर्यंत अर्धा अर्ज लिहून झालेला असे.

मी त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. घरात गॅसची टाकी किती दिवस गेली ते कॅलेंडरवर लिहून ठेवणाऱ्यांपैकी मी एक आहे. बहुधा त्यामुळेच, कॉलेजचा सगळा कारभार एका संगणक प्रणालीवर आणायचं ठरलं तेव्हा प्राचार्य मॅडमनी समन्वयक म्हणून माझं नाव घातलं. प्रवेश, हजेरी, परीक्षा-अर्ज, ग्रंथालय, दाखले, सगळं एकाच जागी. एका ठिकाणी नाव भरलं की सगळीकडे उमटणार. मला ती कल्पना मनापासून आवडली. एकच मुलगा चार वह्यांत चार तऱ्हेने लिहिलेला मी बावीस वर्षं पाहत आलो होतो.

सर्व्हरसाठी कार्यालयामागची छोटी खोली रिकामी केली, तिला एसी बसवला. अण्णा दारात उभे राहून बघत होते.

"ह्यो कोन म्हनायचा?" त्यांनी विचारलं.

"सर्व्हर."

"न्हाय. ह्यो जावई. बगा की, त्याला एसी, आमाला पंखा. त्याला उनाचं सोसत न्हाय, धूळ चालत न्हाय. रुसला की पुन्याला फोन करायचा, 'काय चुकलं, बाबा' म्हनून. जावईच हाय ह्यो."

तेव्हापासून सगळं कार्यालय त्याला जावई म्हणू लागलं. "जावई बसलाय का?" म्हणजे प्रणाली बंद आहे का. पुण्याच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा शिपायाने त्याला "जावयाचे कोण तुम्ही?" असं विचारलं होतं.

जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून पुण्याला पाठवली. तिकडच्या लोकांनी नावं भरून परत दिली. मी एकेक वर्ग मोजायला बसलो. संख्या बरोबर होत्या, पण एकोणीस विद्यार्थ्यांना आडनावच नव्हतं. रकाना रिकामा. प्रणाली त्यांना लाल रंगात दाखवायची: 'आडनाव भरणे आवश्यक.' आडनाव नाही म्हणजे परीक्षा-अर्ज नाही, ओळखपत्र नाही, दाखला नाही.

मी दोन दिवस डोकं लावलं. एकोणीसजण वेगवेगळ्या वर्गांतले, वेगवेगळ्या गावांतले. कशाचाच मेळ लागेना. शेवटी यादी घेऊन खिडकी क्रमांक दोनवर गेलो. अण्णांनी यादी वाचली आणि खुर्चीतच हलून हलून हसायला लागले.

"सर, ही सगळी कोरे हायत की!"

"कोरे म्हणजे?"

"आडनाव! कोरे! रजिस्टरात आडनावाच्या रकान्यात 'कोरे' लिवलंय. पुन्याच्या शान्यानं वाचलं, 'कोरे'. त्यानं सोडलं कोरं!"

रजिस्टर काढून पाहिलं. तसंच होतं. एकोणीस ठिकाणी 'कोरे', एकोणीस ठिकाणी रकाना कोरा. मी पुण्याला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "सर, आम्हाला वाटलं सूचना आहे." आमच्याकडे दर गल्लीत एक कोरे सापडतो, पण त्याचा तरी काय दोष?

दुरुस्ती अण्णांच्या लॉगिनमधून करायची होती. त्यांनी दोन बोटांनी टाइप करत एका दुपारीत अठरा जणांना आडनाव परत दिलं. एकोणिसावं राहिलं. भाग्यश्री सिद्राम, बी. एस्सी. दुसरं वर्ष.

"ही का राहिली?"

"त्यात जरा शंका हाय."

"कसली शंका? रजिस्टरात कोरे लिहिलंय. तुमच्याच अक्षरात."

"हाय, शंका हाय. बगू की."

तीन आठवडे झाले तरी ते बघणं संपेना. परीक्षा-अर्ज मी जुन्या पद्धतीने, कागदावर भरून विद्यापीठाला पाठवला, म्हणून तिचं तेवढं अडलं नाही. पण प्रणालीत ती लालच राहिली. अठरा नावं दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकोणिसावं का जमू नये? माझ्या डोक्यात ही गोष्ट बसून राहिली.

त्याच सुमारास दाखल्याचं काम प्रणालीवर न्यायचं होतं, म्हणून आधी किती वेळ लागत होता ते मोजायला मी जावक रजिस्टर घेतलं. दोन वर्षांत दोनशे बारा अर्ज. दाखला मिळायला सरासरी अडीच दिवस. ठीक आहे, असं म्हणून कुणीही वही मिटली असती. पण सरासरीवर विसंबायचं नाही, हे मी मुलांना शिकवतो, म्हणून एकेक आकडा पाहिला. दोनशे पाच दाखले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिलेले. उरलेले सात: चौतीस दिवस, अडतीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस, बावन्न, पंचावन्न, त्रेसष्ट. मधलं काहीच नाही. एक तर लगेच, नाहीतर महिना उलटून.

आणि सातही मुली.

मला दोन मुली आहेत. कार्यालयातल्या माणसाने मुलींनाच महिना महिना खेटे घालायला लावावेत, याचे जे अर्थ निघतात ते मला लिहायचे नाहीत. तुम्हालाही ते सुचले असतील. आणि आता हे आठवं नाव, भाग्यश्री, अण्णांनी मुद्दाम अडकवून ठेवलेलं. अण्णांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

दोनदा मी त्यांना विचारून पाहिलं. "अण्णा, या सात दाखल्यांना इतका वेळ का लागला?"

पहिल्यांदा ते म्हणाले, "डबा घरी राहिला आसंल." शिक्का डब्यात, डबा घरी. मला हसू आलं नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुमी लई मोजताव."

मी दोन पानांचं टिपण तयार केलं. आरोप एकही केला नाही. फक्त तारखा, दिवस आणि शेवटी एक ओळ: 'सातही अर्जदार विद्यार्थिनी आहेत, याबाबत चौकशी व्हावी.' सोमवारी ते मॅडमच्या टेबलावर ठेवायचं ठरवलं. चौकशी लागली की निवृत्तीचे कागद थांबतात, गावात नाव जातं, हे मला माहीत होतं. तरीही ठरवलं. खिडकीशी गेलो की आता अण्णांच्या नजरेला नजर देणं मला जमत नव्हतं. शनिवारी त्यांनी सवयीने शेंगाचटणीची पुडी पुढे केली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

त्याच शनिवारी साडेअकराला एक गृहस्थ खिडकीवर आले. पन्नाशीचे, काटक, रेल्वेत ट्रॅकवर कामाला असल्याचं त्यांच्या बुटांवरून कळत होतं. हातात मोबाईल धरून ते भिंतीवरचा फलक वाचत होते. 'दाखला आता दोन मिनिटांत.' तो फलक मीच लावला होता. दाखल्याचं काम प्रणालीवर येऊन पाचच दिवस झाले होते.

"सिद्राम कोरे," त्यांनी नाव सांगितलं. "पोरीचा दाखला पायजे. भाग्यश्री. ऑनलाइन अर्ज केलाय, मेसेज बी आलाय."

अण्णा म्हणाले, "घाई कुणाला हाय?"

या वेळी त्यांचा हात हलत नव्हता. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

"मला हाय की," कोरे म्हणाले. "पाव्हनं विजापूरकडचं हायत. येत्या पंदरवड्यात लगीन. पुढं तिकडंच शिकवतो म्हनल्यात, तवा दाखला लागतोय."

"परीक्षा अकरा दिवसांवर हाय," अण्णा म्हणाले.

"तिकडं देईल की परीक्षा."

दाखला दिला की आमच्याकडचं नाव कमी होतं. नाव कमी झालं की परीक्षेला बसता येत नाही. हे खिडकीच्या आतल्या दोघांना माहीत होतं. बाहेरच्याला बहुधा नव्हतं, किंवा असेलही.

"सोमवारी या," अण्णा म्हणाले.

"का? फलकावर दोन मिनटं लिवलंय की. का नुसतं लिवायचं म्हनून लिवलंय?"

हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी पुढे झालो, माझं लॉगिन उघडलं. भाग्यश्री सिद्राम. 'विद्यार्थिनीने अर्ज केला. मोबाईलवर पडताळणी पूर्ण.' खाली लाल अक्षरांत, 'आडनाव भरणे आवश्यक.' रिकाम्या रकान्यात रेघ उघडझाप करत होती. समन्वयक म्हणून मला तो भरता येत होता. दोन अक्षरं. मग छपाईचं बटण.

अण्णा माझ्या कानाशी वाकले. शेंगाचटणीचा वास आला.

"सर," ते अगदी हळू म्हणाले, "सर्व्हर डाऊन हाय म्हना की."

आठ महिन्यांत त्या यंत्राला त्यांनी पहिल्यांदा त्याच्या नावाने हाक मारली. आणि मला खोटं बोलायला सांगितलं. मी गृहस्थांना म्हणालो, "पाच मिनिटं बसा," आणि अण्णांना घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेलो. दार लावलं.

"अण्णा, मला सरळ उत्तर द्या. सात मुली झाल्या, ही आठवी. काय प्रकार आहे?"

ते यंत्राच्या दिव्यांकडे वळले. मग म्हणाले, "सगळ्यांचं लगीन ठरलं हुतं, सर. बाप येतो, न्हायतर भाऊ. 'दाखला द्या, तिकडं शिकवनार हायत.' कोन शिकवतंय? एवड्या वर्सांत लगनासाटी दाखला नेलेली एक बी पोरगी तिकडं शिकल्याचं कळलं न्हाय. मग मी डबा घरी इसरतो. पुन्ना आला, मॅडम रजेवर. पुन्ना आला, शिक्क्याची शाई वाळली. तोवर परीक्षा हुती. येक परीक्षा पदरात पडली तर तेवडं तरी वर्स तिचं ऱ्हातं."

"म्हणून आडनाव भरलं नाही?"

"हिचं ठरतंय हे आदीच कानावर आलं हुतं. तुमच्या जावयानं शिक्का बी स्वतःकडं घेतला, सही बी. माज्याकडं तेवडंच कोरं उरलं हुतं."

मी विचारलं, "सातजणींचं काय झालं?"

त्यांना हिशेब तोंडपाठ होता. "पाच परीक्षेला बसल्या. येकीचा बाप संस्थेतनं चिठ्ठी घिऊन आला, द्यावा लागला."

"सहा झाल्या."

त्यांनी एसीच्या वाऱ्याकडे पाठ केली.

"सातवी?"

"त्रेसष्ट दिवस," ते म्हणाले. "तिचं लगीनच न्हवतं. पुन्याला नंबर लागला हुता तिचा. मामा आला हुता दाखल्याला, मी समजलो… इचारलं बी न्हाय. वर्स गेलं पोरीचं. माज्यामुळं. तिच्या घरी गेलतो मी. तिची आई म्हनली, चा घ्या."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मला राग आला होता, तो कुणावर ते सांगता येत नाही. "एकदा तरी मुलीला विचारायचं होतं!"

"बापासमोर? बापासमोर ती हूं म्हननार, सर. आनि येकदा तिनं तोंडानं हूं म्हनलं की माजा डबा बी काय कामाचा न्हाय. म्हनून मी इचारत न्हाय. नुसतं दिवस काडतो."

बाहेरून खिडकीच्या फळीवर बोटं वाजल्याचा आवाज आला. पाच मिनिटं होत आली होती.

मला खोटं बोलता येत नाही, असं लोक म्हणतात. ते गुण म्हणून म्हणत असतील, पण त्या घडीला मला ती अडचणच वाटली. मी बाहेर आलो आणि पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. 'विद्यार्थिनीने अर्ज केला. मोबाईलवर पडताळणी पूर्ण.'

"कोरेसाहेब, पडताळणीचा नंबर कुणाच्या मोबाईलवर आला?"

"माज्याच की."

"प्रवेशाच्या वेळी विद्यार्थिनीचा म्हणून हाच नंबर दिला होता?"

"मग? पोरीला कुटं मोबाईल?"

"मग हा अर्ज तुम्ही केलात. दाखल्याला अर्ज विद्यार्थिनीचा लागतो. तिने स्वतः माझ्यासमोर सही केली तर मी आत्ता छापून देतो. दोन मिनिटांत."

अण्णांनी माझं मनगट धरलं. "सर, नका," ते म्हणाले. "हूं म्हनली तर संपलं."

कोरे मात्र हसले. "येवडंच ना? हितंच हाय ती. प्रॅक्टिकल हाय तिचं. बोलवा."

मीच गेलो. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कार्यालयापासून बावन्न पावलं आहे. जाताना वाटलं, अण्णांनी तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव सांगितला आणि मी नियम घेऊन निघालो. परत येताना ती माझ्या मागे होती, अंगात पांढरा कोट, बोटांवर कसलासा पिवळा डाग. वडील बसलेले पाहून तिने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली, मग पुन्हा लावली.

मी विचारलं, "भाग्यश्री, कॉलेज सोडल्याचा दाखला हवा म्हणून तुझ्या नावाने अर्ज आलाय. दाखला घेतलास तर ही परीक्षा देता येणार नाही. तुझी इच्छा आहे का?"

आता वाटतं, हा प्रश्न होता की नोटीस? ती फरशीकडे बघत राहिली. वडील म्हणाले, "बोल की. सर इचारायलेत." मी अर्ज तिच्यापुढे सरकवला. तिने पेन उचललं. टोपण काढलं.

अण्णा आतापर्यंत भिंतीला टेकून होते. ते खिडकीच्या दारातून बाहेर आले, तिच्या शेजारी उभे राहिले, आणि घरात जेवायला वाढताना विचारावं तशा आवाजात म्हणाले, "यव्वा, निनगऽ बेकेनु?"

तुला हवंय का, बाई. एवढं कानडी सोलापुरात कुणालाही येतं.

कार्यालयातला टाइपिंगचा आवाज थांबला होता. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो; बावीस सेकंदं गेली. एवढ्या वेळात माणूस केवढं काय काय ठरवू शकतो. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"परीक्षा आद म्याल," ती म्हणाली. परीक्षा झाल्यावर.

कोरे उठले. बापलेकीत कानडीत काहीतरी झालं, भराभर. मला सगळं कळलं नाही. तिने तीनदा तेच वाक्य म्हटलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू, पण तेच. मग ते खाली बसले. त्यांचा आवाज उतरला होता. "पाव्हन्यास्नी काय सांगू आता मी?"

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगा, कॉलेजात येक खडूस सर हाय, लई मोजतो, त्यानं आडवलं. शिव्या आमाला घाला की. आमाला सवय हाय."

कोरेंनी माझ्याकडे बघून घेतलं. शिव्या त्यांनी मनात घातल्याच असणार. पण लग्न दीड महिना पुढे गेलं आणि भाग्यश्रीने सगळे पेपर दिले, हे मी हजेरीवरून खात्री करून सांगतो. लग्न झालं का? झालं. पुढचं मला माहीत नाही. दाखला मात्र तिने अजून नेलेला नाही. आडनाव मी त्याच दिवशी भरलं.

दोन पानांचं टिपण मी काढून टाकलं. सोमवारी मॅडमना वेगळं टिपण दिलं: विद्यार्थिनीचा नंबर तिचाच आहे का ते प्रवेशाच्या वेळी तपासावं, आणि दाखल्यासाठी तिने स्वतः यावं, तिच्याशी आधी एकटीशी बोलावं. हे बोलायचं काम खिडकी क्रमांक दोनकडे. पुण्याच्या माणसाने विचारलं, "सर, यासाठी प्रणालीत काय नाव देऊ?" अण्णांनी लगेच सांगितलं, "सासूबाई. जावयाला वचक पायजे." त्याने 'समुपदेशन' असं दिलं.

निवृत्तीआधीच्या महिन्यात अण्णांनी मला घरी जेवायला बोलावलं. का टाळत होतो मी त्यांना मधले काही आठवडे, ते त्यांनी कधीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं असं मला वाटतं.

त्यांच्या पत्नी शांताबाईंनी वाढलं. ठेंगण्या, बोलक्या बाई. जेवताना त्या मला प्रणालीबद्दलच विचारत होत्या. हजेरी कशी घेतात, निकाल कसा लागतो. प्रश्न नेमके होते. मी विचारलं, "तुम्ही शिक्षिका होता का?"

"मी? मी तुमच्याच कालेजची हाय की, सर. बी. ए. दुसरं वर्स. ह्यांनी सांगितलं न्हाय व्हय?"

अण्णांनी सांगितलं नव्हतं. बाई हात पुसून आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद घेऊन आल्या. कॉलेज सोडल्याचा दाखला. घड्या पडून पिवळा झालेला, पण अक्षर सुरेख, शाईचं, एकेक वेलांटी काढलेली. ते अक्षर मी रोज रजिस्टरात पाहत होतो.

"आमचं लगीन ठरलं तवा हे नवीन लागलं हुतं नोकरीला," त्या सांगू लागल्या. "माजं वडील गेलं दाखल्याला, तर खिडकीत जावईच बसलेला! तासात काम. वडील गावभर सांगायचं, जावई मिळावा तर असा, हातोहात कागद काडून दिला. पुढं शिकशील म्हनलं हुतं. मग काय, घर, शेत, सासूबाईंचं आजारपन. ऱ्हायलं ते ऱ्हायलं. पन अक्षर बगा सर, किती चांगलं काडलंय ह्यांनी."

मी तारखा पाहिल्या. ही माझी खोड. अर्जाची आणि दाखल्याची तारीख एकच होती. खाली 'कॉलेज सोडण्याचे कारण' होतं, त्यापुढे त्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं: स्वतःच्या विनंतीवरून.

बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून ती ओळ वाचली आणि हसल्या. "मी तवा विनंती-बिनंती काय केलती बरं आठवत न्हाय मला."

त्या भाकरी आणायला आत गेल्या. अण्णा ताटावर मान घालून बसले होते. एक घास त्यांनी केव्हाचा हातात धरून ठेवला होता.

"गरम हाय," आतून आवाज आला. "अर्दी अर्दी वाडू का दोगास्नी?"

"वाड," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का?"